कचरूसाठी बिगुल

१२ नोव्हेंबर २०२४

शोभा झाली! आमच्यातल्या पुंजारामला अग्नी देताना आम्ही सगळे माजी सैनिक सावधान उभे. आमच्या संघटनेच्या शाखेच्या अध्यक्षानं, रामप्रसादनं, स्पीकरला मोबाईल जोडून लास्ट पोस्ट, सैनिकाच्या अखेरच्या निरोपाची बिगुलधून, लावली. निम्म्यातच तेलाच्या जाहिरातीतली एक बाई बोलली — "गुडघेदुखी विसरा, आजपासून धावायला लागा!" चितेपुढं! पुंजारामचे जावईसुद्धा हसले.

घरी येऊन माळ्यावरचा बिगुल काढला. मंठ्याच्या शाखेतला एकही गडी आता मोबाईलवर जाणार नाही. मी बटालियनचा बिगुलवाला होतो. होतो काय — आहे!

१३ नोव्हेंबर

फुस्स.

१७ नोव्हेंबर

कवळी घालून फुंकलं तर सरकते. काढून फुंकलं तर ओठाला टेका नाही. सूनबाई म्हणाली, "मामंजी, म्हशी बुजून राह्यल्या." रामप्रसाद तर तोंडावरच — "तात्या, पंच्याहत्तरी झाली. दम न्हाई राह्यला छातीत. जाहिरात न येनारा मोबाईल घेऊ."

"घे. तुझ्या टायमाला वाजव," म्हणालो.

दम कसा येतो मला ठाऊक आहे. चौथीत गुरुजी अख्खं कडवं एका श्वासात म्हणायला लावत. "कविता छातीनं म्हणायची, ओठानं न्हाई!" खिडकीबाहेर तुरीचा पिवळा फुलोरा, आत सगळ्या वर्गाचा एक सूर. आज बांधावर त्याच कविता, त्याच चाली. तूर तेव्हासारखीच पिवळी. तिसऱ्या ओळीला खोकला.

पुन्हा पहिल्यापासून.

२ डिसेंबर

कडवं पुरं झालं! बिगुलाचे खालचे सूर लागले. वरचा नाही.

८ डिसेंबर

कचरूकडे गेलो. एकाच दिवशी भरती झाल्तो आम्ही. आता खाटेला खिळलाय, डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. द्वारकावहिनी चमच्यानं पेज पाजत होत्या. मला बघून म्हणतो, "रोज बांधावर तूच वाजवून राह्यला का? मला वाटलं, रेडकू अडकलं कुठं!"

मग हात धरला. "माह्या टायमाला ती तेलाची बाई नको. तू वाजव. शब्द दे."

दिला.

२१ डिसेंबर

ओठ फुटला. सूनबाईनं बिगुल लपवला. गव्हाच्या कोठीत सापडला! वरचा सूर आजही फाटला. लास्ट पोस्ट त्याच्याशिवाय होत नाही. फाटू दे. उद्या परत.

३ जानेवारी २०२५

कचरूनं बोलावलं. आवाज पार खोल गेलाय. "तात्या, लास्ट पोस्ट राहू दे. लंगरची वाजव."

जेवणाची धून! ती वाजली की ताट घेऊन पहिला हाच पळायचा.

"अरे, मसणात लंगर?"

"मंग? मेल्यावर बी मला भूक लागनारच."

७ जानेवारी

कचरू गेला. रामप्रसाद कानात म्हणाला, "मोबाईल तयार हाये, तात्या." मी कवळी काढून खिशात टाकली आणि लंगरची वाजवली. सगळी. खणखणीत! सावधान उभ्या रामप्रसादचा पाय जेवणाच्या रांगेत निघाल्यासारखा आपसूक पुढं पडला. कोणी काही म्हणून तर बघा!

९ जानेवारी

द्वारकावहिनी आज म्हणाल्या, "ते पडल्या पडल्या तुमचा बिगुल ऐकत. मला म्हणले, तात्याला वरचा सूर लागत न्हाई. चार लोकांत त्याची फजिती नको. लंगरच्या धुनीत तो सूरच न्हाई, मी तीच मागून घेतो."

आणि मला वाटलं, भूक! लबाड.

बिगुल घेऊन बांधावर गेलो. पुन्हा पहिल्यापासून.