मार्गदर्शकाच्या रकान्यात तुझं नाव

प्रिय आत्या,

सोमवारी मी इंदूरला हॉस्टेलवर चालले. तुला न सांगता धार सोडलं तर तू वरून ओरडशील, म्हणून लिहितेय. मराठीतच लिहितेय हां! चुका काढत बसू नकोस.

दोन्ही मिळालं, आत्या! कॉलेजनं निम्मी फी माफ केली आणि देवासच्या आपल्या मराठी मंडळाची स्कॉलरशिपही मिळाली. बाबा फ्रेमच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाईकाला सांगताहेत. शेजारचा चहावाला म्हणाला, "भिया, मिठाई तो खिलाओ!" तर बाबा हसता हसता रडायलाच लागले. तू असतीस तर त्यांना दटावलं असतंस.

शाळेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावरही तू गल्लीतल्या मुलींचे फॉर्म भरत बसायचीस, त्याची मला लाज वाटायची. "आपण काय मागून खाणारे आहोत का?" असं मी एकदा फटकन बोलले होते. तू शांतपणे म्हणालीस, "मागत नाही गं, अर्ज करतोय. फरक कळला की सांग." कळला. तुझ्या देखत कळला असता तर?

मी नेटवरच्या मोठमोठ्या स्कॉलरशिपांच्या मागे होते. तू म्हणालीस, "त्या भर, पण जिथे कुणी जात नाही तिथे आधी जा." मंडळाचा अर्ज हातानं लिहायचा, मराठीत, दोन पानं! आम्ही हिंदी शाळेतली पोरं वाचतानाच अडखळतो, म्हणून ती स्कॉलरशिप दरवर्षी तशीच पडून राहायची. तू मला रोज संध्याकाळी लिहायला बसवलंस. किती चिडायचे मी! आणि माघात तू गेलीस, माझं दुसरं पान अर्धं असताना. असं करतं का कुणी?

ते मी एकटीनं पूर्ण केलं.

मग कॉलेजची फीमाफी आली आणि मी घाबरले. दुसरी मदत कळली तर माफी कमी करतील म्हणे. मैत्रीण म्हणाली, "छुपा ले ना यार!" लपवणारच होते, खोटं कशाला बोलू? पण तुझं ते ठरलेलं वाक्य आठवलं, "लपवायचं नाही, विचारायचं." मी कॉलेजला लेखी विचारलं. उत्तर आलं, दुसरी मदत फीसाठी असेल तर तेवढी माफी कमी होईल, हॉस्टेल आणि मेससाठी असेल तर नाही. मी मंडळाला विनंती केली. त्यांनी पत्रात "राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी" असं लिहून दिलं. झालं की गं काम!

आणि हो, देवासला मुलाखतीत मी एक उद्धटपणा केला. अर्जात मार्गदर्शकाच्या रकान्यात तुझं नाव होतं. तिथले काका म्हणाले, "बाळ, नावाआधी कैलासवासी लिही." मी नाही म्हटलं. "काका, ही दोन पानं तिनं लिहून घेतलीत. ती आहे." काकांनी अर्ज तसाच फाइलीत ठेवला आणि म्हणाले, "राहू दे तसंच."

समोरची सलोनी पुढच्या वर्षी बारावीत. तिची मराठी माझ्याहून वाईट आहे, बघच तू! दर रविवारी इंदूरहून बसनं येईन आणि तुझ्याच टेबलाशी बसून तिच्याकडून लिहून घेईन, शब्द देते. मार्गदर्शकाच्या रकान्यात ती माझं नाव लिहायला लागेल. मी सांगेन, थांब, आधी आत्याचं लिही.

तुझी उद्धट भाची,
रेवा