काडी कुणी मोडली

बाबा, तुमच्या डिस्चार्ज बुकात आईचं नाव लागलं. लागून आता बरीच वर्षं झाली, तुम्हाला सांगायचं तेवढं राहिलं होतं. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, लष्कराच्या कागदाला हात कुणी लावला? आम्ही लावला. मी आणि आईने. तुम्ही जन्मभर जे टाळलंत ते आम्ही शहापूरच्या कोर्टात उभं राहून करून घेतलं. ते करताना जे ऐकलं, ते तुमच्याशी बोलायचं आहे. समोर बसून बोलायची सोय नाही, म्हणून लिहिते.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी तेव्हा शाळेत आहे. आई चुलीपुढे तांदळाची भाकरी थापते आहे, तुम्ही उंबऱ्यावर बसून चहा पिता आहात, आणि तव्यावरची नजर न काढता आई म्हणते, "त्या बुकात माझं नाव कधी घालणार तुमी?" भाताची लावणी आटपली की दर वर्षी ती हे विचारायची आणि दर वर्षी तुम्ही "बघू" म्हणायचात. त्या दिवशी म्हणाला नाहीत. कप खाली ठेवलात आणि आवाज चढवून म्हणालात, "माझ्या नोकरीच्या कागदात नाक नाय खुपसायचं. पुन्हा इचारायचं नाय." तव्यावरची भाकरी करपली. ती आईने स्वतःच्या ताटात घेतली आणि त्यानंतर खरंच कधी विचारलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, एवढंसं नाव, त्यासाठी आई तरी कशाला हटून बसते.

तुमचं आधी एक लग्न झालं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यावर बोलायचं मात्र कुणी नाही. तुम्ही स्वतः बोलायचात, पण बाहेर, लग्नाच्या मांडवात, सोबत्यांत बसून. आपल्यात नवराबायकोचं पटलं नाही तर पंच बसतात, नवऱ्याच्या हातात वाळक्या गवताची काडी देतात, त्याने ती मोडली की दोघं मोकळी. कागद नाही, कोर्ट नाही. तुम्ही चिमटीने मोडून दाखवायचात आणि म्हणायचात, "एका झटक्यात मोडली. मागं वळून बघितलं नाय." सगळे हसायचे. पंक्तीत वाढणाऱ्या आईलाही ते ऐकू यायचं. माझा त्यावर पूर्ण विश्वास होता. कुडाच्या भिंतीला लागणाऱ्या कारवीच्या काठ्या गुडघ्यावर घेऊन कडाकड मोडणारे तुमचे हात मी रोज पाहत होते, त्या हातांना गवताची काडी काय जड.

पण पलटणीला काडी कळत नाही, बाबा. नोकरीला लागल्यावर तुम्ही लग्नाची वर्दी दिलीत, तिचं नाव बुकात चढलं. काडी मोडल्याची वर्दी दिली नाहीत. पुढे आई आली, मी झाले, तुम्ही पेन्शनीत निघालात, आणि बुकात बायको म्हणून तीच राहिली. तुम्ही गेल्यावर भाताची झोडणी तशीच टाकून आई आणि मी ठाण्याला सैनिकांच्या कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सुभेदारसाहेबांनी बुक उघडलं आणि आईला तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं. त्यांनी बुकाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि हळूच मला विचारलं, "मग या कोण?" आई भिंतीकडे बघत होती. तुमच्याबरोबर संसार केलेली बाई त्या खोलीत तुमची कुणीच नव्हती. मला तुमचा असा राग आला, की तुमचं तेरावं होऊन गेलंय हेही मी विसरले.

सुभेदारसाहेबांनी अर्ज पाठवला, त्यावर पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला द्या, नाहीतर काडीमोड खरी होती असं कोर्टाकडून लिहून आणा. त्याशिवाय नाव बदलणार नाही आणि विधवेची पेन्शनही सुरू होणार नाही. पंच तर केव्हाच वर गेलेले. काडी मोडताना पाहिलेलं एकच माणूस हयात होतं, ती स्वतः. धसईला भावाच्या घरी राहत होती, बाजाराच्या दिवशी भाजी विकत होती. आई म्हणाली, "मी नाय जायची तिच्या दारात. नाय मिळाली पेन्शन तर नाय मिळाली." मी एकटीच मुरबाडला उतरून धसईची गाडी पकडली. वाटभर मनात बोलणं जुळवत होते, तिला काय म्हणावं हेच जुळेना. शेवटी मावशी म्हटलं.

ती वालाच्या शेंगांच्या ढिगामागे बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने मला गोणपाटावर बसायला जागा केली आणि पोराकरवी चहा मागवला. मी सगळं सांगितलं. ती शेंगा निवडत राहिली. तिचा पुतण्या मागे उभा राहून ऐकत होता, तोच मध्ये बोलला. "बुकात नाव आत्याचं हाय ना? मग पेन्शन पण आत्याचीच. ती कशाला कोर्टात येईल?" मी कप खाली ठेवला. खरं तर त्याचं काही चुकत नव्हतं. ती म्हातारी होती, भावाच्या घरात होती, आणि नुसतं "आमची काडी मोडलीच नव्हती" एवढं म्हटलं की तिचं काम झालं असतं. तिने पुतण्याकडे बघितलंही नाही. मला विचारलं, "माझ्याइषयी काय बोलायचा तुझा बाप?" मी सांगितलं, घरात कधी काही बोलले नाहीत. ती हसली. "येशील का मावशी?" मी विचारलं. "येईन का नाय ते आता नाय सांगत," ती म्हणाली. "तारीख सांगून ठेव."

वकील लावून शहापूरच्या कोर्टात अर्ज केला, लागलेली तारीख तिला कळवली, आणि त्या तारखेपर्यंत घरात कुणाला धड झोप नव्हती. त्या दिवशी ती आली, पण पुतण्याला घेऊन आली. कोर्टाच्या व्हरांड्यात तो तिच्या कानाला लागला होता आणि ती मान हलवत होती. होकाराची की नकाराची ते मला दिसत नव्हतं. आईने पदर डोक्यावर ओढून घेतला होता. दोघींनी एकमेकींना पहिल्यांदाच पाहिलं असेल, पण पाहिल्याचं दोघींनीही दाखवलं नाही. मग पुकारा झाला. आपल्या वकिलांनी तिला विचारलं, "पंचांसमोर तुमच्या नवऱ्याने काडी मोडली, बरोबर?" अर्जात तसंच लिहिलं होतं, तुमच्याकडून ऐकलेलं मीच लिहून दिलं होतं.

ती म्हणाली, "नाय."

पुतण्या सरसावून बसला. आईने माझं मनगट धरलं. वकिलांनी पुन्हा विचारलं, ती पुन्हा म्हणाली, "नाय मोडली त्यानं." संपलं, असं मला वाटलं. आता आईला कुठल्या तोंडाने घरी न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात ती जजसाहेबांकडे वळली आणि म्हणाली, "त्यानं नाय मोडली. मी मोडली. लिवायचं तर खरं लिवा."

मग तिने सांगितलं. हा सदा पलटणीत, मी इकडं सासूच्या हाताखाली, तोंड बघायचं ते रजेत. मीच बापाला म्हटलं, पंच बसवा, मला मोकळं करा. तो रजेवर आला तेव्हा पंच बसले, त्याच्या हातात काडी दिली. आमच्यात बाप्यानंच मोडायची असते. तो काडी धरून बसला. पंच बोलले, मोड. त्याचा बाप बोलला, मोड. उन्हं उतरली तरी हा काय मोडीना. नुसता काडीकडं बघत बसलेला. मग मीच पुढं झाले आणि त्याच्या हातातली मोडली. पंच बोलले, बाईनं मोडली तरी मोडली. "माझी काडी मोडली, साहेब," ती म्हणाली. "ती पेन्शन माझी नाय. ज्या बाईनं त्याचं केलं, तिची हाय."

अर्ज दुरुस्त करून घ्यावा लागला. तेवढ्यासाठी वकील कुरकुरले, पण तिने खऱ्याशिवाय अंगठा लावला नसता. बाहेर आल्यावर पुतण्या पाय आपटत पुढे निघून गेला. आई टपरीवर गेली आणि स्वतःच्या हाताने तिला चहा आणून दिला. दोघी कडुनिंबाखाली उभ्या होत्या, मी थोडी लांब. आईने विचारलं, "रडला व्हता काय तो?" ती म्हणाली, "नाय गो. नुसता बसलेला." आईने मान डोलावली. गाडीत बसल्यावर बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला एका झटक्यात मोडली म्हणून सांगायचा." मग खिडकीबाहेर बघत राहिली. तिला हवं होतं ते सगळं त्या दिवशी मिळाल्यात जमा होतं, बाबा, आणि तिच्याकडचं काहीतरी गेलंही होतं. मी तिच्या हातावर हात ठेवला, तो तिने ठेवू दिला.

तुम्ही नाव का बदलून घेतलं नाहीत हे मला तेव्हा कळलं. बदलायचं तर काडी कशी मोडली ते लिहून द्यावं लागलं असतं, आणि तिलाही विचारलं गेलं असतं. मांडवातली एक बढाई राखण्यासाठी तुम्ही आईला इतकी वर्षं बुकाबाहेर ठेवलंत. याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करेन असंही वाटत नाही. पण कधी कधी भाताचा पेंढा रचताना एखादी काडी हाताला लागते, आणि हातात काडी घेऊन उन्हं उतरेपर्यंत बसलेला, वर्दीतला एक कोवळा पोरगा डोळ्यांपुढे येतो. त्याच्यावर मात्र मला रागावता येत नाही.

कोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला, आणि बुक दुरुस्त होऊन आलं त्या दिवशी आईने हात धुऊन ते मांडीवर घेतलं. मला म्हणाली, "वाच." मी तिचं नाव वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "आणि तिचं पुसलं काय?" मी म्हटलं, "पुसलं." तिने बुक मिटलं आणि ट्रंकेत ठेवलं.

आत्ता आई अंगणात वाल सोलत बसली आहे. मघाशी तिने विचारलं, "काय लिवतेस गो एवढं?" मी म्हटलं, "शाळेचं, पोरांना उद्या शिकवायचं." हे तिला वाचून दाखवणार नाही, कुठल्या टपालपेटीतही टाकणार नाही. फक्त तुम्हाला सांगते. तिचं ते नाव पुसलेलं नाही, बाबा. त्यावर लाल शाईची एक बारीक रेघ आहे तेवढीच. रेघेखालचं नाव स्वच्छ वाचता येतं, आणि ते वाचता येतं याचं मला बरं वाटलं.