एकोणचाळीस मुलं, दोनशे अकरा नंबर

१२ जून २०२५, गुरुवार

दिवसभर जिंतूरला प्रशिक्षण. विषय — शाळेतलं तंत्रज्ञान आणि ऑनलाइन सुरक्षितता. नोकरीची अडीच वर्षं उरली आणि आता मला पासवर्ड शिकवतायत! शिकवणाऱ्या सरांचा पहिलाच प्रश्न — "कुणाकुणाचा पासवर्ड मुलाच्या नावापुढे एक-दोन-तीन आहे?" निम्म्या लोकांनी हात वर केले. मीही केला. मग लक्षात आलं की हात वर करून आपण पासवर्ड जाहीरच करून टाकला. सर हसले. मला राग आला, पण हसू जास्त आलं.

घरी येऊन पासवर्ड बदलला. नवा इथे लिहिणार नव्हते, लिहिला, आणि मग काट मारली.

१३ जून, शुक्रवार

आज नाक कापलं गेलं.

सर म्हणाले, आपापल्या वर्गाचा पालक-ग्रुप उघडा, सदस्य मोजा, शेजारी मुलांचा पट लिहा. माझे सातवी-आठवी मिळून एकोणचाळीस. ग्रुपात नंबर — दोनशे अकरा! सगळ्या हॉलमध्ये पहिला नंबर माझाच. सरांनी विचारलं, "मॅडम, हे बाकीचे कोण?" काय सांगणार, कप्पाळ?

अक्कल माझीच. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलं इथे आजीपाशी, नाहीतर चुलत्यापाशी. आईबापांना लेकरांची तोंडं दिसावीत म्हणून मी रोज फोटो टाकायचे — परिपाठाचे, जेवणाच्या पंगतीचे. मुकादमाच्या टोळीबरोबर फोनही बदलतात, सिमकार्डंही. दर हंगामाला नव्याने जोडत कोण बसणार? म्हणून ग्रुपात शिरायच्या त्या क्यूआर कोडच्या चौकोनाची मोठी प्रत काढली आणि गावातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या दरवाजाला चिकटवली! ज्याने फोन समोर धरला तो आत. योगीराज सरांनी — आमचे मुख्याध्यापक — तेव्हा पाठ थोपटली होती. आता कळतंय, ज्या ज्या कारखान्याच्या अड्ड्यावर ते ट्रक उभे राहिले तिथला कोणीही माझ्या पोरींचे फोटो बघत बसला असणार.

जेवण गेलं नाही.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली. तोरण, फुगे, गुलाबाची फुलं. फोटो काढले पण कुठेच टाकले नाहीत. हात नुसता शिवशिवत होता.

दुपारी पालकसभा. योगीराज सरांनी नवी पद्धत सांगितली. जुना ग्रुप बंद, नवा सुरू. त्यात फक्त पालकांचेच नंबर, आणि पालकाने शाळेत येऊन, माझ्यासमोर फॉर्मवर सही केल्याशिवाय कुणाचाही नंबर आत नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग राधाकिशन उठला, काठीवर भार देऊन. आठवीतल्या शिवकन्येचा मोठा चुलता. बाप घरात नाही, म्हणून तोच पालक. म्हणाला, "म्याडम, शाळा चांगली हाय, माझं कायबी म्हणनं न्हाई. पर फोनचं कायबी लफडं निघालं अन् त्यात आमच्या पोरीचं नाव आलं, तर पोरगी घरी बसंल. सांगून ठिवतो."

तो बोलला की गावात कुणी बोलत नाही.

आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीला रोज एसटीने चारठाण्याला जावं लागतं, आणि शिवकन्येने आत्ताच माझ्याकडून पासचा फॉर्म मागून घेतलाय — वर्षभर आधी! "म्याडम, आत्ताच भरून ठिवते, मोठे बाबा हो म्हनले की लगेच द्यायचा." गणितात माझ्याही चुका काढते ही पोरगी.

१७ जून, मंगळवार

जुना ग्रुप बंद करण्याआधी, शाळा सुटल्यावर त्यातले नंबर चाळायला बसले. सोबत पट, पेन्सिल, चहा. नाव विचारायचं, कुणाचे कोण ते लिहायचं, नाही सांगितलं तर काढायचं. एकशे चाळीसपर्यंत नुसती करमणूक. एक सोलापूरचा टायरवाला. एकाने विचारलं, "मॅडम तुमचे सुविचार आवडतात, राहू द्या ना." काढला!

मग एक नंबर. नाव नाही, निरोप पाठवला तर वाचतो पण उत्तर नाही. आणि फोटोच्या जागी शिवकन्या. दोन वेण्या, पिवळा ड्रेस, मागे येलदरीच्या धरणाची भिंत.

दोन वर्षांपूर्वी मीच सहल नेली होती येलदरीला. शंभरेक फोटो टाकले होते ग्रुपात.

चहा तसाच राहिला. कोणीतरी परका माणूस माझ्या विद्यार्थिनीचा फोटो लावून बसलाय, आणि तो फोटो मीच त्याला दिलाय. मीच!

१८ जून, बुधवार

शिकवल्याप्रमाणे केलं. आधी स्क्रीनशॉट घेतला, तारखेसकट. मग नंबर काढून टाकला. योगीराज सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाई, पुढची पायरी लिहूनच दिलीय — पालकाला कळवायचं." पालक म्हणजे राधाकिशन! मी म्हटलं, सर, त्याला कळलं की पोरगी उद्यापासून खुरपं घेऊन शेतात. सर म्हणाले, "आणि नाही कळवलं, आणि उद्या भलतंच काही झालं तर?"

दोन दिवस मागून घेतले. आधी तिच्या आईला सांगते म्हटलं.

दिवसभर शिवकन्येकडे बघवेना. ती मात्र खुशीत. "म्याडम, तुमचा पासवर्ड बदलला का? चिन्ह टाकलं का त्यात?"

१९ जून, गुरुवार

त्या नंबरवरचा फोटो गेला. नुसतं करडं वर्तुळ. सावध झाला मेला!

२० जून, शुक्रवार

आज काय काय झालं! नीट क्रमाने लिहिते.

कोकिळा, शिवकन्येची आई, सकाळी शेतात जाताना शाळेपाशी थांबली. ऑफिसात घेतलं, दार लोटलं. धीर करून म्हटलं, कोकिळा, माझ्याकडून चूक झालीय, आणि स्क्रीनशॉट समोर धरला. वाटलं रडेल, नाहीतर मला बोलेल. तिने फोन हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. अंगठ्याने काच पुसली.

"म्याडम, ह्यो फोटो तुमचा न्हाई."

मी म्हटलं, अगं येलदरीची सहल —

"सहलीच्या दिशी शिवीला ताप व्हता. ती आलीच न्हवती तुमच्यासंगं. लय रडली. मंग पुढच्या ऐतवारी ह्येंनी तिला गाडीवर बसवून नेलं धरन दावायला. तवा काढला ह्यो. ह्येंच्याच फोनात व्हता. दुसऱ्या कुनापाशीच न्हाई."

मी तो दिवस हजेरीत शोधला. गैरहजर! फोटो टाकणाऱ्या बाईला कोण आलं होतं तेही आठवू नये.

हे म्हणजे आदिनाथ, तिचा नवरा. ट्रॅक्टर तोच चालवायचा. दोन वर्षांपूर्वी हंगामात उसाची ट्रॉली उलटली आणि थोरला भाऊ राधाकिशन खाली सापडला. जीव वाचला, पाय गेला. आदिनाथ दवाखान्याच्या पायरीवर रात्रभर बसून होता, सकाळी नव्हता. पुन्हा आलाच नाही. कुणी म्हणे मेला, कुणी म्हणे दुसरं घर केलं.

"जित्ता हाय म्हनायचं," कोकिळा म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

कुठल्यातरी कारखान्यावर आपल्या गावचा ट्रक दिसला असणार त्याला. दरवाजावरचा माझा कागद. एक अक्षर न बोलता तो आत आला आणि रोज लेक बघत राहिला — पंगतीत, कवायतीत, बक्षीस घेताना. कोणी परका नाही. बाप!

मला इतकं हलकं वाटलं की मीच रडले. कोकिळाने मला पाणी आणून दिलं. पोरीला धोका नाही, राधाकिशनला सांगायचं कारण नाही, शाळा सुटत नाही. हुश्श!

आणि मग कोकिळाने विचारलं, "म्याडम, ह्यो नंबर आता हाय ना ग्रुपात?"

२१ जून, शनिवार

फोन बंद. सहा वेळा लावला.

त्याला काय वाटलं असेल! भावाला कळलं, भावाने काढायला लावलं. दुसरं काय वाटणार? आहे तिथूनही निघून गेला तर पुन्हा मागमूस लागायचा नाही. दोन वर्षं एक खिडकी होती त्याला, ती मी नियमाप्रमाणे बंद केली.

काढायलाच हवा होता तो नंबर. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढीन. तरीही.

कोकिळाने बजावलंय, शिवीला इतक्यात कळू द्यायचं नाही, उगाच आस लागेल. आणि राधाकिशनला तर मुळीच नाही. "थोरले घरात त्येंचं नाव काढू देत न्हाईत. म्या एकदा काढलं तर ताटावरून उठले. सापडले तर काय करतील, सांगता येत न्हाई."

२२ जून, रविवार

बंद.

२३ जून, सोमवार

लागला! मधल्या सुट्टीत. पलीकडून म्हशींचा आवाज. मी वर्गात बोलते तसंच बोलले — "आदिनाथ का? मी राजेश्री मॅडम, शिवकन्येच्या वर्गशिक्षिका." मग, "राँग नंबर हाय."

म्हटलं, फोन ठेवायचा नाही! कुणी तक्रार केलेली नाही. नवे नियम आलेत म्हणून सगळेच नंबर काढलेत, तुमचाही निघाला. परत यायचं असेल तर शाळेत येऊन माझ्यासमोर सही करावी लागते.

"तिच्या आईची घ्या की."

"तिची झाली. दोघांची लागते."

खोटं बोलले. एकाचीच पुरते. फॉर्मवर तसं छापलेलंच आहे.

तो म्हणाला, "म्याडम, म्या सांगलीकडं हाय, गोठ्यावर. मला न्हाई येता यायचं. दादापुढं कोनत्या तोंडानं उभा राहू?" मग हळूच, "शिवी आठवीत गेली ना? तिला चश्मा लागलाय, फोटोत दिसला. नंबर लय हाय का?"

आवाज तसाच ठेवला. म्हटलं, ते सगळं इथे येऊन विचारायचं. नियम म्हणजे नियम.

योगीराज सरांना सांगितलं तर हसले. "बाई, दोन सह्यांचा नियम आजपासून एका विद्यार्थिनीपुरता लागू. मी लेखी देऊ का?"

२६ जून, गुरुवार

अडतीस फॉर्म झाले. नव्या ग्रुपात माणसं मोजकी, सगळी ओळखीची. प्रशिक्षणाला नावं ठेवली होती ती परत घेते. त्या सरांनी मोजायला लावलं नसतं तर हा नंबर कधी सापडलाच नसता. एकोणचाळीसावा, शिवकन्येचा, एकाच सहीचा फॉर्म टेबलाच्या काचेखाली आहे.

कोकिळा रोज शेतात जाताना फाटकापाशी रेंगाळते. मी मान हलवते. ती जाते.

२८ जून, शनिवार

सकाळी त्याचा फोन. स्वतःहून! "म्याडम, सोमवारी सकाळच्या गाडीनं येतो. शाळेतच येतो. सही करतो, शिवीला लांबून बघतो अन् परत जातो. दादाला कळू द्यायचं न्हाई, एवढं करा."

हो म्हटलं. आता चोरून भेट घडवायची या वयात! सरांनी सांगितलंय, ऑफिसचं मागचं दार उघडं ठेवू, शिपाई पाळतीवर राहील. कोकिळाला निरोप दिला. तिने माझा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

येतोय. येतोय एवढंच पुरे. आज नीट जेवले.

३० जून, सोमवार

परिपाठ चालू असताना पुढच्या फाटकातून काठी टेकत राधाकिशन आला. त्याच्या मुठीत आदिनाथचं मनगट, लहान पोराचं धरावं तसं. फाट्यावर एसटीतून उतरताना त्यालाच दिसला होता. राधाकिशनने फॉर्म मागितला, भावाच्या हातात पेन दिलं, सही होईपर्यंत थांबला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "पायाच्या दवाखान्याला जातो म्हनून दोन वर्षं ह्याला हुडकायलोय म्या, म्याडम. एक कारखाना सोडला न्हाई. अन् तुमी समदे ह्याला माझ्यापासूनच लपवायलाव व्हय?"