प्लस कुठल्या बाजूला

बाबा, परवा माझ्या गाडीची बॅटरी गेली. दुकानात फोन केला, तर पलीकडच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, प्लस डाव्या हाताला आहे की उजव्या?" मी खाली गेले, बॉनेट उघडून पाहिलं, तिला सांगितलं. दुपारच्या आत नवी बॅटरी बसली. एवढंच होतं हो सगळं. एवढ्याशा गोष्टीपायी तुम्ही एका माणसाचं काय केलंत ते आठवलं आणि माझं डोकं फिरलं. या वयात रक्तदाब वाढवून घेण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

बँकेने तुमची बदली कलकत्त्याला केली आणि तुम्ही बालीगंजमध्ये पुण्याचं एक छोटं संस्थान थाटलंत. गोडा मसाला पुण्याचा, मेतकूट पुण्याचं, पंचांग पुण्याचं. हे मी समजू शकते. पण एकाहत्तरच्या त्या हिवाळ्यात गाडी रोज सकाळी ढकलावी लागायला लागली, तेव्हा तुम्ही बॅटरीसुद्धा पुण्याहून मागवलीत. "इथले लोक फसवतात," असं तुम्ही म्हणालात, आणि ज्यांच्याबद्दल म्हणालात ते खालच्या मजल्यावरचे मेशोमशाय, आमचे बंगाली शेजारी, रोज लुंगी सावरत आमची गाडी ढकलत होते. त्यांना कळलं तेव्हा ते हसून म्हणाले, "क्या मोशाय, बॅटरी भी पूना का? तो उसमें पानी किधर का डालेगा?" आई पदर तोंडाला लावून आत पळाली. तुम्ही मात्र हसला नाहीत.

पुण्याला काकांना, तुमच्या धाकट्या भावाला, ट्रंक कॉल केलात तेव्हा मी शेजारी उभी होते. काका तुमच्याहून कितीतरी लहान, मराठी शाळेत मॅट्रिक झालेले, नोकरीच्या शोधात. तुम्ही त्यांना हावड्याच्या एका कारखान्यात चिकटवणार होतात. तुमच्या खातेदाराचा कारखाना, शब्द टाकून ठेवलेला, भेटीचा सोमवारही ठरलेला. तेव्हा येताना बॅटरी आण, असा तो फोन. तुम्ही ओरडून सांगत होतात, "बारा व्होल्टची! अकरा प्लेटची!" पलीकडे काकांनी काहीतरी विचारलं. त्यावर तुमचा आवाज चढला, "बाजू कसली विचारतोस? बॅटरी ती बॅटरी! दुकानदाराला काय विचारायचं ते विचारू दे, तू आण!" आणि फोन ठेवलात.

काका आले. बॅटरी त्यांनी कोरडी आणली होती, आत ॲसिड न घालता. आगगाडीत सांडलं तर कुणाचे कपडे जळतील, म्हणून दुकानातच तसं सांगून घेतली होती. जुन्या चादरीत गुंडाळलेली ती बॅटरी पायांशी घेऊन ते सबंध प्रवास बसून आले होते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ॲसिड भरून, चार्ज करून आणली आणि रविवारी सकाळी तुम्ही बॉनेट उघडलंत. सगळी बिल्डिंग खाली जमली. जुन्या बॅटरीचं प्लस डावीकडे होतं, हिचं उजवीकडे. जाड वायर पोचेचना. उलटी फिरवून ठेवली तर टोकं बॉनेटच्या पत्र्याला टेकायला लागली. तुम्ही घामाघूम झालात, मेशोमशाय मान वाकडी करून बघत राहिले आणि मग तुम्ही सरळ उभे राहून सगळ्यांसमोर म्हणालात, "एक बॅटरी धड आणता येत नाही तुला?"

काका म्हणाले, "दादा, मी फोनवर—"

"उत्तरं देऊ नकोस! असल्या गाढवाला कारखान्यात कोण उभं करील? माझी मान खाली जाईल."

तेव्हा मी बोलले. पंधरा वर्षांची होते, कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी जिभेला धार लावून दिली होती. मी फाडफाड इंग्रजीत म्हटलं की काकांनी तुम्हाला बाजू विचारली होती, आणि बॅटरी ती बॅटरी असं तुम्हीच ओरडला होतात. मेशोमशाय खो खो हसले. वरच्या गॅलरीतून कुणीतरी चक्क टाळी वाजवली. तुमचे कान लाल झाले. काका भांबावून सगळ्यांकडे बघत होते. लोक आपल्यालाच हसताहेत असं वाटून तेही ओशाळं हसले. "वहिनी, काय म्हणाली ही?" त्यांनी आईला विचारलं. आई तुमच्याकडे बघत म्हणाली, "काही नाही, शाळेतलं काहीतरी."

सोमवारी तुम्ही हावड्याला गेलात, पण काकांना पुण्याच्या गाडीत बसवून देण्यापुरते. कारखान्याचा विषय पुन्हा निघाला नाही. नवी बॅटरी तुम्ही इथलीच घेतलीत, मुकाट्याने. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, "चूक असेल तर ते स्वतःचीही गय करत नसत." मला उठून जावंसं वाटलं. तुमची लाज वाटली मला, बाबा. मेलेल्या बापाची लाज वाटणं फार वाईट. ती सांगायची कुणाला?

काका आहेत अजून. एका शाळेत शिपाई म्हणून लागले, तिथूनच निवृत्त झाले. रविवारी फोन करतात. भिंतीवरच्या घड्याळाचा सेलसुद्धा शेजाऱ्याकडून आणवतात. "मला त्यातलं कळत नाही गं," म्हणतात, "तुझ्या वडिलांनी तेव्हाच ओळखलं होतं." मी आयुष्यभर समजत आले की त्या दिवशी सत्याची बाजू घेणारी मी एकटीच होते. पण ज्याची बाजू घेतली त्याला कळेल अशा भाषेत मी बोललेच नाही. मराठी मला येत होतं. मराठीत बोलले असते तर गॅलरीतून टाळी पडली नसती.

हे काकांना चार वाक्यांत सांगता येईल. मागच्या रविवारी सांगणारही होते. मग त्यांनी विचारलं, "आणि काय नवीन?" मी म्हटलं, "काही नाही."