डुक्कर फियाटची डावी सीट

हिंगणघाट,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय वर्षाली,

मोबाइल असताना ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. पण फोनवर तू निम्मी माझ्याशी बोलतेस आणि निम्मी आचलच्या जुळ्यांशी. मागे मी तुला कार्बुरेटरचं सांगत होते, आणि तू मधेच म्हणालीस, "थुक ते आधी." लेकीची पोरं सांभाळायला पुण्याला गेलीस त्याबद्दल माझी तक्रार नाही, म्हणजे आहे, पण आज ती नको. हे पत्र पोरं झोपल्यावर वाच आणि शेवटपर्यंत वाच.

आपली डुकरीण बरी आहे. तिच्या पुढच्या मुस्कटाकडे पाहून सगळा देश या मॉडेलला डुक्कर फियाट म्हणतो, पण तुझ्या सासूबाईंना घरात ते नाव चालत नव्हतं म्हणून आपण त्यांच्यासमोर 'ती' म्हणायचो आणि त्यांना वाटायचं आपण कोणा मैत्रिणीची निंदा करतोय. वडनेरला तुझ्या रूपरावमामांच्या शेडमध्ये ती सापडली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मामा म्हणाले, पिल्लं निघू द्या, मग न्या. आणि आपण खरंच थांबलो. इटलीत जन्मलेल्या, मुंबईत जोडलेल्या सत्तावन्न सालच्या गाडीसाठी दोन मास्तरणी एका कोंबडीची मर्जी सांभाळत होत्या. शाळेत कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

मग दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण तिला थोडी उघडली, थोडी जोडली. तो इटालियन म्हातारा आठवतो का, ज्याचे व्हिडिओ आपण पाहायचो? त्याचा एक शब्द कळत नसे. मी वैतागले की तू म्हणायचीस, "त्याचे हात पाह्य ना, बोलनं सोड." त्याच्या गॅरेजबाहेर बर्फ असायचा आणि आपल्या शेडमध्ये उन्हाने इंजिनाच्या पंपातच पेट्रोल उकळायचं, त्यावर ओलं फडकं गुंडाळायची युक्ती त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार. ती आपल्याला निकेशने शिकवली. आणि निकेश मिस्त्री गावाला गेला होता तेवढ्यात स्टेअरिंगखालच्या गिअरच्या दांड्या आपण दोघींनीच बसवून टाकल्या, उलट्या. गाडी टेंपोवर चढवून नागपूरला नेली म्हणून कळलंही नाही. पहिलीच रॅली, झेंडा पडला, मी पहिला गिअर टाकून जोरात सोडली आणि आपण थेट मागे, पाहुण्यांच्या मांडवाकडे. लोक खुर्च्या सोडून पळत होते, आणि तू घड्याळावरची नजर न हलवता म्हणालीस, "आपन मांगं जाऊन राह्यलो, हर्षा." वर्गातली मुलं गोंगाट करत असताना तू हजेरी घ्यायचीस ना, अगदी त्याच आवाजात. मग पदर खोचून तू बॉनेट उघडलंस, दांड्या बदलल्यास, आणि आपण सगळ्यांच्या शेवटी निघालो.

मी आयुष्यात इतकी कधी हसले नाही, वर्षाली. आता ते आठवलं की शेडमध्ये एकटीच हसत बसते. मला तुझी फार आठवण येते. आपल्या त्या रॅलीत पुढे पळण्याला किंमत नाही; ठरलेल्या वेगाने ठरलेल्या वेळी चौकीवर पोचायचं, आणि लवकर पोचणं हा उशिरा पोचण्यापेक्षा मोठा गुन्हा. माझ्यासारख्या तापट बाईने ही शर्यत केली ती केवळ तू डावीकडे होतीस म्हणून. तू नकाशा मांडीवर घेऊन "घाई काऊन करून राह्यली?" म्हणायचीस आणि माझा पाय आपोआप हलका व्हायचा. घरी हे वाक्य माणिकरावांनी म्हटलं तर मी आणखी चिडते, हे तुला माहीतच आहे. रविवारी जाम गावच्या चौकात फियाटवाली मंडळी अजून जमतात. चहा येईपर्यंत कोणीतरी तुझी चौकशी करतंच, आणि मी कौतुकाने सांगते की वर्षाली आजी झाली, मजेत आहे. घरी येताना मात्र बाजूच्या रिकाम्या सीटवर मी पिशवी ठेवते. रिकामी बघवत नाही.

यंदाची रॅली मी सूनबाईला घेऊन केली. वेदश्री गुणाची पोरगी. तिच्या मोबाइलमधला हिशेब कुठे चुकला नाही, पण ती आकड्यांशिवाय काही बोलतही नाही. समुद्रपूरच्या पुढे एक चौकी होती. रस्त्याच्या कडेला माणूस झेंडा हलवत उभा होता म्हणे. वेदश्रीचं डोकं मोबाइलमध्ये, आणि मी त्याच्या अगदी शेजारून गाडी पुढे नेली. संध्याकाळी सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर घरच्या फाटकाला उजवं मडगार्ड घासलं. मी फाटकाला दोष दिला. पुन्हा घासलं, तेव्हा माणिकरावांना दिला, फाटक त्यांनीच बसवून घेतलं होतं म्हणून. निकेशने दोन्ही वेळा पोचा ठोकून काढला. मग एका सकाळी मी अंगणात प्लग पुसत होते आणि माणिकराव शेजारून म्हणाले, "केव्हाचा कप धरून उभा हाये मी, चहा घेनं नाई का?" हाताच्या अंतरावर उभे होते, आणि मला दिसले नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला.

काचबिंदू आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. समोरचं अजून स्वच्छ दिसतं, पण दोन्ही बाजूंनी पडदा सरकत येतोय. गेलं ते परत येत नाही. थेंब घालून उरलेलं जितकं टिकेल तितकं टिकवायचं. स्टेअरिंगला हात लावायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं, माझ्या तोंडावर बहुधा दिसलं असावं. मी घरी येऊन शेडमध्ये गेले, गाडीत बसून चारही काचा वर केल्या आणि पोटभर रडले. आता जामच्या मंडळींतला साकेत गाडी विकत मागतोय. माणूस चांगला आहे, जपेल, पण तिच्यात नवं इंजिन टाकणार, एसी लावणार. तू कान लावून ऐकलेलं, हाताने घासून बसवलेलं ते जुनं इंजिन कुठल्यातरी कोपऱ्यात पडेल. माणिकराव म्हणतात, उभी राहून गंजण्यापेक्षा ते बरं. त्यांचंही चूक नाही.

म्हणून हे पत्र. तू ती गाडी शेवटच्या नटापर्यंत उघडलीस, पण एकदाही चालवली नाहीस. कोणी विचारलं की सांगायचीस, "मले गाडी खोलता येते, हाकलता नाई." ये आणि शीक. पुण्यात आचलच्या सासूबाईंनाही नातवंडांचा थोडा लाभ होऊ दे. मी आठवीला अपूर्णांक शिकवले आहेत, त्यापुढे तुला क्लच शिकवणं काहीच नाही. फेब्रुवारीच्या रॅलीत तू उजवीकडे बस, मी डावीकडे बसते. रॅलीच्या वाटेवरचं आष्टीपर्यंतचं प्रत्येक वळण मला पाठ आहे. आणि खरं सांगू? मला रॅलीचंही तेवढं नाही. इतकी वर्षं चालवताना मी फक्त समोरचं डांबर पाहिलं. तू म्हणायचीस, पळस बघ कसा फुललाय, तुरीच्या शेतात रोह्यांचा कळप उभा आहे बघ, आणि मी म्हणायचे, तू वेळ सांग. सावकाश बघू कधीतरी, असं वाटायचं. रस्त्याच्या दोन्ही कडांचं सगळं राहून गेलं, आणि आता नेमक्या कडाच जातायत. अजून मान वळवली की दिसतं. तेवढं आहे तोवर मला ते बघायचंय, तुझ्या शेजारी बसून, दुसऱ्या कोणाच्या नाही. साकेतला मी अजून होकार दिलेला नाही. तू नाही म्हणालीस तर देईन, आणि तुझ्यावर रागावणारही नाही. फक्त नाही म्हणायचं असेल तरी इथे येऊन म्हण.

डावीकडे सरकून बसलेली,
तुझीच
हर्षा