निशाण कुणाच्या हातात?

१४ सप्टेंबर २०२५

अतुलच्या गाडीच्या मागच्या काचेवर सोनेरी अक्षरं — निशाणबहाद्दर! म्हटलं, आबा अजून जिवंत आहेत. तर हा माझा चुलतभाऊ हसतो! "ताई, पुढंमागं माझंच हाय की."

आबांना मुलगा नाही. मी एकटी. म्हणजे कुणीच नाही! त्यांना गावाहून शहरात, छावणी भागातल्या माझ्या घरी आणलं, पथ्यपाणी, दवाखाना सगळं माझ्याकडं. किताब मात्र अतुलकडं.

१७ सप्टेंबर

मुक्तिदिनाची सुट्टी. आबांनी पुन्हा घराण्याचा इतिहास काढला. मूळपुरुष सखारामबाबा लढाईत पडले, पण निशाण भुईला टेकू दिलं नाही. म्हणून हा किताब. गावी दसऱ्याला अजून तेच — देवघरातून वेशीपर्यंत निशाण न्यायचं, काठी टेकली की मान गेला. जो नेईल तो निशाणबहाद्दर. वेशीवर वडीलधारेसुद्धा उठून त्याला मुजरा करतात.

ठीक आहे. सखारामबाबांना माझाही नमस्कार. पण पुढचे? एकानं तमाशाच्या नादात मळा घालवला. एक निजामाच्या दरबारात मुजरे करून करून वाकला. एक तर घोड्याला भ्यायचा! बहाद्दर सगळेच!

आणि बिभीषणराव. बाप गेला तेव्हा तीन वर्षांचे. त्यांची आई द्वारकाबाई त्यांना कडेवर घेऊन निशाणासोबत वेशीपर्यंत जायची, पोरगा हाताशी येईपर्यंत दरसाल.

मी विचारलं, "आबा, पोर कडेवर होतं, तर निशाण कुणाच्या हातात होतं?"

"हातात कुणाच्या बी असंल. मान पोराचा."

घराण्याच्या वंशावळीत द्वारकाबाई नाही. मी तवा असा आपटला की शेजारची खिडकी उघडली.

२१ सप्टेंबर

अतुल पडला! किताब मिरवायला मोटारसायकल रॅली काढली आणि लासूर स्टेशनच्या चौकात उताणा. उजवं मनगट मोडलं. मला हसू आलं. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

आबांचे हात थरथरतात, त्यांना काठी पेलत नाही, म्हणून यंदा पहिल्यांदा अतुल नेणार होता. आता कोण नेणार?

२६ सप्टेंबर

अतुल आला, हात गळ्यात बांधून. सोबत त्याचा कृष्णा, तीन वर्षांचा.

"ताई, याला कडेवर घे अन् निशाण तू ने. भावकीत कुणाला धरू दिलं तर उद्या हक्क सांगत्याल. तुझा काय, तू दुसऱ्या घरची. तुझा हक्कच लागत नाय."

माझ्याच घरात, माझाच चहा पीत!

आबा म्हणाले, "घे माय. रीतच हाय आपली."

रीत! अंगाची लाही झाली. मी सरळ नाही म्हणाले. मग आबांनी ताट सारलं. संध्याकाळीही तेच. "म्या हाय तवर निशाण वेशीवर गेलंच पायजे." शेवटी मी हो म्हणाले. उपाशी म्हाताऱ्याशी किती भांडणार?

३० सप्टेंबर

द्वारकाबाई डोक्यातून जात नाही. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पोर, आणि ते दरसाल जड होत गेलेलं. कुणी विचारलं असेल का, बाई, खांदा दुखतो का?

काखेत भरलेली कळशी घेऊन गच्चीवर चढून बघितलं. माझा खांदा तर आजच भरून आलाय.

२ ऑक्टोबर, दसरा

गावी देवघरातून हलगीच्या तालावर निघालो. मारुतीच्या पारापाशी कृष्णा घसरायला लागला. काठी कलली, माणसं ओरडली. मेंढरं सोडून निशाण बघायला आलेली दगडाबाई गर्दीतून म्हणाली, "शीलाबाई, एक कायतरी सोडा! दोन्ही जाईल!"

अतुल किंचाळला, "पोराला सोडू नको ताई! मान त्याचा हाय!"

मी कृष्णाला खाली उतरवलं. काठी दोन्ही हातांनी धरली. तो माझा पदर धरून चालत आला, खुशीत.

वेशीवर आबा खुर्चीत. अतुल पुढं पळत जाऊन त्यांच्या कानाशी लागला होता — "उठू नका. आबा, उठू नका."

आबा उठले.