उलट निघालेली करवंटी

रविवार, काकीनाडा. संध्याकाळ.

सहलवाल्यांचा चहा कोमट, आणि म्हाताऱ्या बायका म्हणजे सामान, अशी त्यांची वागणूक. पण नावेवरच्या वाटाड्याला मानलं. खारफुटीची मुळं बघून पाणी कुठवर चढेल ते सांगायचा, आणि तिथवरच चढायचं.

गोदावरीच्या एका फाट्यात त्यानं इंजिन बंद केलं आणि नारळाची करवंटी पाण्यात सोडली. ती समुद्राकडे जायची सोडून उलट, आत निघाली. भरती, म्हणाला. रोज दोनदा नदी माघारी फिरते. किती सुंदर, किती शांतपणे.

आणि मी बीदरला तीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर त्रिकोण काढायचा, नदी समुद्राला मिळाली, संपलं. कॉन्व्हेंटात मलाही तेवढंच शिकवलेलं. सातवीतल्या सुनंदानं विचारलं होतं, "बाई, समुद्र नदीत येत न्हाई का?" उद्धटपणा समजून मी तिला तासभर उभं केलं. मीच पुस्तक उघडून का नाही बघितलं?

आज तीच सुनंदा, केस पिकलेली, सहलीला सोबत आलेली, शेजारी बसली होती. करवंटीकडं बघत म्हणाली, "बाई, आता कुणाला उभं करायलाव?"

मी उठून उभी राहिले.

"अम्मा, बसा," वाटाड्या घाबरला.

"राहू द्या अण्णा," सुनंदा म्हणाली. "तास संपला की बसतील."

करवंटी दिसेनाशी झाली, तेव्हा तिनंच हात धरून मला खाली बसवलं.